डोळ्यावरून मेंदूचा माग

पावसाळा सुरू झाला म्हणजे आपल्याकडे डोळे येण्याची साथ बहुधा ठरलेलीच. घरांत एकाचे डोळे आले कीं चार दिवसांत सर्वांचे येतात, आणि वर्गांत एकाचे आले कीं आठवड्याच्या आंत निम्मीं बांकें रिकामीं दिसूं लागतात. 2023 सालच्या पावसाळ्यांत तर ही साथ साऱ्या महाराष्ट्रभर पसरली होती. चंद्रपूर व गडचिरोलीच्या रानांतील गांवांत या दुखण्याची कोणी फारशी क्षिति बाळगीत नाहीं. आठ दिवसांत आपोआप बरें होणारें दुखणें, असें समजून लोक स्वस्थ राहतात, आणि बहुतेक वेळीं तें खरेंही ठरतें. परंतु एका वर्षीं मुंबईंत हेंच दुखणें निराळ्या वाटेनें गेलें. त्या वाटेचा माग ज्या वैद्यांनीं काढिला त्यांपैकीं एकाची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावी, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आरंभीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. डोळा हा कान किंवा नाक यांच्यासारखा बाहेरून मेंदूस जोडलेला अवयव आहे, असा पुष्कळांचा समज असतो. पण आईच्या उदरांत गर्भ वाढत असतां त्याच्या मेंदूच्याच पुढच्या भागास दोन्ही बाजूंस दोन फुगवटे येतात, ते पुढें सरकतात, आणि त्यांपासून डोळ्याच्या आंतील पडदा तयार होतो. ज्यावर बाहेरच्या जगाचें चित्र उमटतें तो हा पडदा, मेंदूचाच बाहेर आलेला तुकडा होय. शिवाय मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकीं चार जोड्या केवळ डोळ्याच्या चाकरीला आहेत. एक पाहण्यासाठीं, आणि तीन बुबुळ इकडे तिकडे फिरविण्यासाठीं. मेंदू कवटीच्या पेटींत बंद असल्यामुळें तो उघडून पाहतां येत नाहीं. परंतु त्याच्या या तुकड्याकडे आणि या चाकरांकडे बारकाईनें पाहिलें, तर आंत काय बिघडलें आहे याचा पुष्कळसा अंदाज बांधतां येतो.

असा अंदाज बांधण्यांत ज्यांनीं आयुष्य घालविलें, ते डॉक्टर नोशीर होरमसजी वाडिया. यांचा जन्म 1925 सालीं सुरतेस एका पारशी कुटुंबांत झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत वैद्यकाचें शिक्षण पुरें करून ते इंग्लंडास गेले, व तेथें मज्जातंतूंच्या रोगांचे विख्यात पंडित रसेल ब्रेन यांच्या हाताखालीं त्यांनीं काम केलें. ब्रेन या इंग्रजी शब्दाचा अर्थच मेंदू. आणि हे गृहस्थ ज्या मासिकाचे संपादक होते त्याचेंही नांव ‘ब्रेन’! आडनांव आणि उद्योग यांचा असा मिलाफ क्वचितच आढळावयाचा. 1957 सालीं वाडिया मुंबईस परत आले आणि ग्रँट कॉलेज व त्यास जोडलेलें जे. जे. रुग्णालय येथें त्यांनीं मज्जारोगांचा स्वतंत्र विभाग उभा केला. त्या काळीं या विषयाचे तज्ज्ञ साऱ्या देशांत बोटांवर मोजण्याइतके होते. डोक्याचें व मज्जारज्जूचें चित्र पडद्यावर दाखविणारीं आजचीं यंत्रें तेव्हां नव्हतीं. रुग्णाची हकीकत ऐकणें, रबरी हातोडीनें गुडघा ठोकून पाहणें, त्यास चालावयास सांगणें, आणि बोट डोळ्यांपुढें धरून त्याची दृष्टि कशी फिरते हें न्याहाळणें, हीं वैद्याचीं मुख्य साधनें होतीं.

या शेवटच्या साधनानें त्यांच्या हातीं काय लागलें तें समजण्यास विद्यार्थ्यांनीं एक सोपा प्रयोग करून पाहावा. वर्तमानपत्राच्या कागदास मधोमध एक लहानसें भोंक पाडावें. मित्रानें तो कागद समोर धरून वाचावा, आणि आपण मागच्या बाजूनें भोंकाला डोळा लावून त्याच्या डोळ्यांकडे पाहावें. वाचतांना आपली नजर ओळीवरून पाण्याच्या धारेप्रमाणें सरकते, असें आपणांस वाटतें. पण दिसेल तें निराळेंच. डोळे चिमणीसारखे टुणटुण उड्या मारीत जातात; उडी, क्षणभर थांबणें, पुन्हां उडी. ही प्रत्येक उडी सेकंदाच्या कांहीं शतांशांत आटोपते, आणि तिची आज्ञा मेंदूच्या देठांतील अगदीं थोड्या पेशी देत असतात.

वाडिया व त्यांचे सहकारी डॉक्टर स्वामी यांच्या नजरेस कांहीं कुटुंबें आलीं. त्यांतील माणसें तारुण्यांत किंवा प्रौढपणीं हळूहळू झोकांड्या खाऊं लागत, त्यांचें बोलणें अडखळे, हात थरथरत. लहान मेंदू झिजत जाण्याचे असे आनुवंशिक रोग यापूर्वीं ठाऊक होते. परंतु या माणसांचे डोळे उडीच मारीत नव्हते. समोरच्या एका वस्तूवरून दुसरीकडे पाहावयास सांगितलें असतां बुबुळ इतकें संथ सरके, कीं त्याचा प्रवास पाहणारास नुसत्या डोळ्यांनीं दिसे. कित्येकांस तर नजर वळविण्यासाठीं अगोदर मान वळवावी लागे. डोळ्याच्या स्नायूंत दोष नव्हता; आज्ञा देणारीच यंत्रणा मंदावली होती. अशा नऊ कुटुंबांचें वर्णन त्या दोघांनीं 1971 सालीं वर सांगितलेल्या ‘ब्रेन’ मासिकांत प्रसिद्ध केलें, आणि हा रोग इतरांहून वेगळा आहे असें मत मांडलें.

केवळ डोळ्याच्या मंद गतीवरून नवा रोग ठरविणें हें त्या वेळीं कित्येकांस धाडसाचें वाटलें असल्यास नवल नाहीं. त्याचा निकाल लागण्यास पंचवीस वर्षें लागलीं. 1996 सालीं बाराव्या गुणसूत्रावर या रोगाचें मूळ सांपडलें. तेथील एका जनुकांत तीन अक्षरांचा एक शब्द पुन्हां पुन्हां लिहिलेला असतो; निरोगी माणसांत तो बहुधा 22 वेळां येतो, आणि तीसच्या कांहींसा पुढें गेला कीं रोग जडतो. पुनरुक्ति जितकी अधिक, तितका रोग लवकर. आईबापांपैकीं एकास हा दोष असल्यास प्रत्येक मुलाला तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. 1998 सालीं वाडियांनीं भारतांतील अशा सहा घराण्यांची जनुकीय परीक्षा करून पुन्हां ‘ब्रेन’मध्येंच लिहिलें, आणि डोळ्याची मंद गति हीच या रोगाच्या निदानाची भरंवशाची खूण होय, हें दाखवून दिलें. आज क्यूबा बेटांतील ओल्गीन प्रांतांत या रोगाचे रुग्ण जगांत सर्वांत दाट आढळतात, आणि तेथेंही वैद्य प्रथम डोळ्यांकडेच पाहतात. रोग थांबविणारें औषध मात्र अद्याप निघालेलें नाहीं. त्यामुळें ज्याच्या बापास हा रोग आहे अशा तरुणानें आपली परीक्षा करून घ्यावी कीं न घ्यावी, हा प्रश्न फार नाजूक आहे. तो ज्याचा त्यानें, जाणत्या वयांत, सोडवावयाचा आहे. दुसऱ्या कोणीं नव्हे.

आतां त्या डोळ्यांच्या साथीकडे वळूं. 1969 सालच्या जून महिन्यांत आफ्रिकेंतील घाना देशाच्या आक्रा शहरीं डोळे येण्याचा एक नवाच प्रकार दिसूं लागला. एका रात्रींत डोळे सुजत, पाण्याच्या धारा लागत, आणि बुबुळाभोंवतालच्या पांढऱ्या भागांत रक्ताचे डाग उमटत. पुढच्याच महिन्यांत अपोलो यानांतून गेलेलीं माणसें चंद्रावर उतरलीं, म्हणून लोकांनीं या दुखण्यासही अपोलो हेंच नांव देऊन टाकलें. बिचाऱ्या चंद्राचा त्यांत कांहींएक अपराध नव्हता! दोन वर्षांत ही साथ आशियाखंडांत शिरली आणि 1971 सालीं मुंबईस पोंचली. बंगालमध्यें तिला ‘जय बांगला’ म्हणूं लागले, कारण त्याच वर्षीं बांगलादेशाचा मुक्तिसंग्राम चालू होता आणि निर्वासितांचे लोंढे सरहद्द ओलांडून येत होते. त्या वेळीं गडचिरोली हा निराळा जिल्हा नव्हता. तो 1982 सालीं चंद्रपुरांतून वेगळा झाला.

डोळे आठ दहा दिवसांत बरे होत. पण त्यानंतर मुंबईच्या रुग्णालयांत कांहीं विलक्षण रुग्ण येऊं लागले. ते बहुतेक प्रौढ होते. प्रथम कंबरेंत व पायांत कळा येत; मग एक किंवा दोन्ही पायांतील बळ जाई. एक पाय अधिक, दुसरा कमी. मांडीचे स्नायु विशेष दुबळे होत. पाय लुळा पडे, आणि हातोडीनें गुडघा ठोकला असतां तो उडत नसे. स्पर्शाचें ज्ञान मात्र बहुधा शाबूत राही. हें सारें चित्र पोलिओचें. परंतु पोलिओ हा आपल्याकडे मुख्यतः लहान मुलांचा रोग होता, आणि मोठीं माणसें बहुधा लहानपणींच त्याच्या संसर्गांतून जाऊन सुरक्षित झालेलीं असत. मग एकाएकीं इतक्या प्रौढांस असें कां व्हावें?

या रुग्णांच्या हकीकती एकीशेजारीं एक ठेवून पाहतां त्यांत एक गोष्ट समान दिसली: कांहीं दिवसांपूर्वीं किंवा कांहीं आठवड्यांपूर्वीं प्रत्येकाचे डोळे आले होते. पायाच्या दुखण्यासाठीं आलेला मनुष्य बऱ्या झालेल्या डोळ्यांची गोष्ट आपण होऊन कशाला काढील? ती विचारून घ्यावी लागते. आमच्या मतें साऱ्या संशोधनाचा कणा या विचारण्यांत आहे.

येथें चाणाक्ष विद्यार्थी एक शंका काढील, आणि ती त्यानें काढावीच. शहरांत घरोघर डोळे आले असतां, ज्याचा पाय मोडला त्याचेही डोळे आलेले असणार, आणि ज्याला खरूज झाली त्याचेही. मग डोळ्यांमुळेंच पाय लुळा पडला, असें कशावरून? दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे पहिली दुसरीचें कारण होते असें नाहीं. कावळा बसला आणि फांदी मोडली, ही म्हण आपल्या आजीबाईंसही ठाऊक असते. म्हणून पुरावा निरनिराळ्या बाजूंनीं यावा लागतो. एक बाजू अशी, कीं सर्व रुग्णांचा लुळेपणा एकाच साच्याचा होता, आणि डोळे येणें व पाय जाणें यांमधील अंतरही एका ठराविक मर्यादेंतच पडत होतें. दुसरी बाजू अशी, कीं हे रुग्ण साथीच्या मागोमाग आले. वाडिया, इराणी व कात्रक या तिघांनीं 1972 सालीं ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकांत ही हकीकत छापली; मुंबईंतील दुसऱ्या वैद्यांनींही त्याच सुमारास असेंच पाहिलें होतें. पुढें थायलंड व तैवान येथूनही अशाच बातम्या आल्या.

तिसरी बाजू जपानांतून आली. तेथील शास्त्रज्ञांनीं या साथींतील डोळ्यांच्या पाण्यांतून एक नवा विषाणु वेगळा केला. तो पोलिओच्याच कुळांतला निघाला, आणि त्यास या कुळांतील सत्तरावा क्रमांक मिळाला. या कुळांतील बहुतेक मंडळी आंतड्यांत वस्ती करतात. परंतु हा भाऊबंद शरीराच्या आंतील उष्णतेपेक्षां किंचित् थंड, म्हणजे तेहतीस अंशांच्या आसपासच्या जागीं चांगला वाढतो. डोळ्याचा पृष्ठभाग वाऱ्यामुळें नेमका तितकाच थंड असतो. हाच विषाणु माकडांच्या मज्जासंस्थेंत टोंचून पाहिला, तेव्हां तेथें पोलिओसारखीच इजा झालेली आढळली. पुढें 1981 सालीं साथ पुन्हां मुंबईंत आली, आणि तिच्या मागून लुळेपणाही आला. या खेपेस वाडिया, त्यांचे सहकारी व जपानी विषाणुतज्ज्ञ यांनीं मिळून रुग्णांचें रक्त तपासलें. त्यांत या विषाणूशीं झुंजणारीं द्रव्यें सांपडलीं. ही हकीकत 1983 सालीं प्रसिद्ध झाली. बारा वर्षांपूर्वीं खाटेजवळ बसून विचारलेल्या प्रश्नाला प्रयोगशाळेची अशी साक्ष मिळाली.

पालकांनीं हें वाचून घाबरूं नये. डोळे आलेल्यांपैकीं लुळेपणा आला तो अत्यंत थोड्यांस, आणि अलीकडच्या साथी बहुधा दुसऱ्याच विषाणूंच्या असतात. डोळे आल्यास हात वारंवार धुवावे, पंचा व उशी निराळी ठेवावी, मुलास कांहीं दिवस शाळेस धाडूं नये. झाडपाल्याचा रस, मध किंवा शेजाऱ्याची उरलेली औषधाची बाटली डोळ्यांत घालूं नये. दिसणें अंधुक झालें, किंवा उजेड अजिबात सोसवेना, तर मात्र दवाखाना गांठावा.

लुळेपणाची गोष्ट निघाली आहे तर आपल्या प्रांतांतील एका दुखण्याशीं तिची तुलना करून पाहणें उद्बोधक होईल. पूर्व विदर्भांत भाताच्या बांधींतून लाख, म्हणजेच लाखोळी, पिकते हें कोणास सांगावयास नको. दुष्काळांत, दुसरें धान्य नसतां, महिनेच्या महिने मुख्यतः लाखेवरच पोट भरणाऱ्या माणसांचे पाय जातात. पण ते लुळे पडत नाहींत. ते काठीसारखे ताठ होतात. माणूस चवड्यांवर, गुडघे एकमेकांस घाशीत, काठी टेकीत चालतो. याचें कारण असें. मेंदूकडून पायास निघालेली आज्ञा दोन हरकाऱ्यांच्या हातून जाते. पहिला मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत धांवतो. दुसरा तेथून स्नायूपर्यंत. दुसरा हरकारा मेला तर स्नायूस कांहींच निरोप पोंचत नाहीं, आणि पाय लुळा पडून वाळतो. पोलिओंत व मुंबईच्या त्या साथींत असेंच झालें. पहिला मेला तर दुसऱ्यावर कोणाचा दाब राहत नाहीं, आणि स्नायु सदैव आखडलेले राहतात; लाखेच्या विषानें होतें तें हें. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं 1964 सालीं लाखेंतील विषारी द्रव्य वेगळें काढून दाखविलें. तें पाण्यांत विरघळतें. म्हणून डाळ भिजवून अथवा उकडून तें पाणी फेंकून दिल्यास विष पुष्कळ कमी होतें, आणि थोड्या प्रमाणांत, इतर धान्याबरोबर खाल्लेली लाख पायांवर जात नाहीं. नुसत्या गुडघ्यावरील एका ठोक्यानें, पाय उडतो कीं नाहीं एवढें पाहून, वैद्यास या दोन दुखण्यांत फरक करतां येतो. आपल्या भागांत कोणाचे पाय एकाएकीं गेले तर गेल्या महिना दोन महिन्यांत त्यानें काय खाल्लें, त्यास काय दुखलें, हें घरच्यांनीं आठवून डॉक्टरांस सांगावें. आणि पंधरा वर्षांखालील मुलाचा पाय अचानक लुळा पडल्यास ती वार्ता तत्काळ सरकारी दवाखान्यांत कळविलीच पाहिजे. पोलिओ परत आला नाहीं ना, हें पाहण्यासाठीं अशा प्रत्येक मुलाची तपासणी होत असते.

डॉक्टर वाडियांनीं पुढें मुंबईच्या जसलोक रुग्णालयांत दीर्घकाळ काम केलें. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या जन्मजात दोषामुळें मज्जारज्जूवर येणाऱ्या दाबाविषयीं 1967 सालीं त्यांनीं लिहिलेला निबंधही पुष्कळ वाखाणला गेला. 2012 सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें, आणि 2016 सालच्या एप्रिल महिन्यांत, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षीं, ते निवर्तले.

डोळ्यावरून मेंदूचा माग काढण्याचें हें काम इतरत्र चालूच आहे, आणि त्यांतील एका शाखेचा आपल्या जिल्ह्यांशीं निकटचा संबंध येतो. गडचिरोलीच्या रानांत हिंवताप किती, हें येथील वाचकांस आम्हीं सांगणें नको. त्यांतील एक जात मेंदूंत जाते; मूल तापानें फणफणतें, त्यास झटके येतात, आणि तें बेशुद्ध होतें. आफ्रिकेंतील मालावी देशांत वैद्यांनीं अशा मुलांच्या बाहुलींतून, उजेड टाकणाऱ्या लहानशा दुर्बिणीसारख्या यंत्रानें, आंतील पडदा पाहण्यास आरंभ केला. पडद्यावर जागोजाग पांढुरके चट्टे, रंग पालटलेल्या रक्तवाहिन्या व रक्ताचे ठिपके त्यांस दिसले. मेंदूंतील बारीक रक्तवाहिन्या जशा तुंबतात तशाच या पडद्यांतीलही तुंबतात. फरक एवढाच, कीं या दिसतात. 2004 सालीं तेथील एक तपास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या हिंवतापानें दगावलीं असें मानलेल्या 31 मुलांचीं शवें तपासतां त्यांपैकीं 7 मुलांचा मृत्यु वस्तुतः दुसऱ्याच कारणांनीं झालेला निघाला. रक्तांत हिंवतापाचे जंतु होते, पण घातक रोग निराळा होता. जिवंतपणीं हा भेद सर्वांत चांगला दाखविणारी खूण डोळ्याच्या पडद्यावर होती.

ही परीक्षा शिकलेल्या वैद्याचें काम आहे, घरच्यांचें नव्हे. घरच्यांनीं ताप आलेल्या मुलाच्या बोटाचें रक्त त्याच दिवशीं गांवच्या आशाताईकडून तपासून घ्यावें, आणि मूल सुस्त पडूं लागलें किंवा त्यास झटका आला तर उजाडण्याची वाट न पाहतां त्यास दवाखान्यांत न्यावें.